मोतीबिंदूसाठी महागडी लेन्स घ्यावी का? बारीक अक्षरांचे काम आणि रात्रीचे वाहन, दोन्ही सांभाळायचे आहे

पानप्रूफ (सातारा) यांचा प्रश्न

नमस्कार. माझे वय ६३ असून कनिष्ठ महाविद्यालयातील अध्यापनातून निवृत्त झाल्यापासून मी घरीच मुद्रितशोधनाचे काम करतो. गेल्या महिन्यात माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असल्याचे निदान झाले. विसाव्या वर्षापासून मला दूरचा चष्मा आहे आणि त्याचा नंबर कित्येक वर्षे उणे चारवर स्थिर होता. गेल्या दीड वर्षात मात्र डाव्या डोळ्याचा नंबर उणे साडेसहापर्यंत गेला, सिलिंडरचा (एका दिशेच्या रेषा पुसट करणाऱ्या दोषाचा) नंबर पाऊणवरून दीडवर आला आणि तीनदा काचा बदलूनही समाधान होईना, तेव्हा बाहुल्या मोठ्या करून तपासणी केली. उजव्या डोळ्याला मोतीबिंदू कमी आहे. मधुमेह नाही, रक्तदाबाची गोळी चालू आहे.

शस्त्रक्रियेला माझी ना नाही, अडचण लेन्सच्या निवडीची आहे. डॉक्टरांनी तपासून झाल्यावर मला समुपदेशक बाईंकडे पाठवले. त्यांनी टेबलावर एक रंगीत तक्ता ठेवला. साधी मोनोफोकल (एकाच अंतराची) ३५ हजार, टोरिक (सिलिंडरही भरून काढणारी) ६० हजार आणि ट्रायफोकल (तीन अंतरांची) टोरिक १ लाख ३० हजार, असे एकेका डोळ्याचे दर त्यावर होते. ट्रायफोकलच्या रकान्यात हसणाऱ्या आजी-आजोबांचे छायाचित्र होते, मोनोफोकलच्या रकान्यात काहीच नव्हते. ‘‘काका, आयुष्यात एकदाच करायची गोष्ट आहे, चष्मा कायमचा सुटेल,’’ असे त्या म्हणाल्या. मी विचार करून सांगतो म्हणून उठलो.

माझ्या दोन गरजा आहेत आणि त्या एकमेकींच्या विरोधात जातात की काय, अशी मला शंका आहे. प्रूफे मी नेहमी चष्मा काढून, कागद डोळ्यांजवळ धरून वाचतो. अक्षरावरचा ठिपका अनुस्वार आहे की शाईचा डाग, रफार योग्य अक्षरावर बसला आहे की पुढच्यावर सरकला आहे, हे मला उघड्या डोळ्यांनीच नीट कळते. हल्ली मात्र डाव्या डोळ्याने पाहिले तर शिरोरेषा दुहेरी दिसते. दुसरी गरज अशी की, आठवड्यातून दोनदा मी कोरेगावकडच्या आमच्या गावी शेतावर जातो आणि परतताना अंधार पडलेला असतो. गळीत हंगामात रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या असतात; त्यांना मागे दिवा नसतो आणि रिफ्लेक्टर असलाच तर तो चिखलाने माखलेला असतो. आताच समोरच्या दिव्यांनी डोळे इतके दिपतात की गेल्या हंगामात मी एका ट्रॉलीच्या अगदी जवळ जाऊन ब्रेक दाबला.

पैशांची सोय होऊ शकते, पण जवळपास चौपट किंमत दिली म्हणजे चौपट चांगले दिसते का? ज्यांनी हा निर्णय घेतला आहे, त्यांनी आपला अनुभव सांगावा, ही विनंती.

सायंतारा (ठाणे)

मी दोन वर्षांपूर्वी दोन्ही डोळ्यांत ट्रायफोकल बसवून घेतली आणि एकंदरीत मी समाधानी आहे, हे आधी सांगते. सकाळी उठल्यावर चष्मा चाचपडावा लागत नाही, भाजीवाल्याचा वजनकाटा दिसतो, फोनवरचे निरोप वाचता येतात आणि कुकरच्या वाफेने काचा धूसर होण्याचा प्रश्नच मिटला. शस्त्रक्रियेपूर्वी मला दूरचा आणि जवळचा असे दोन्ही चष्मे होते, त्यामुळे मला झालेला फायदा मोठा वाटतो.

मात्र तक्त्यावर न छापलेल्या दोन गोष्टी आहेत. पहिली म्हणजे रात्रीच्या दिव्यांभोवतीची कडी. पहिले तीन महिने घोडबंदर रस्त्यावरचा प्रत्येक दिवा मला पाण्यात खडा टाकल्यासारखा वर्तुळावर्तुळांनी दिसत असे. आता ती वर्तुळे फिकट झाली आहेत आणि मुद्दाम पाहिले तरच जाणवतात, पण ती गेलेली नाहीत. मी स्वतः वाहन चालवत नाही, म्हणून मला त्याचे फारसे काही वाटले नाही. दुसरी म्हणजे उजेडाची भूक. दिवसा खिडकीपाशी मी औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरे वाचू शकते, पण मंद दिव्यांच्या हॉटेलात पदार्थांची यादी वाचायची झाली तर फोनचा दिवा लावावा लागतो. काळ्या कापडावर काळ्या दोऱ्याने शिवणे मी सोडूनच दिले आहे.

तुमच्या कामाच्या टेबलावर उत्तम दिवा असेल तर वाचनाचे जमून जाईल असे मला वाटते. गाडीबद्दल मला खात्री देता येणार नाही.

तिरपी_रेघ (नागपूर)

मी ऑप्टोमेट्रिस्ट असून गेली बावीस वर्षे मोतीबिंदूपूर्वीची मोजमापे घेण्याचेच काम करतो. आपले डोळे मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे पुढील मजकूर आपल्या शल्यचिकित्सकांना विचारायचे प्रश्न म्हणून वाचावा.

सर, उणे चारचा डोळा चष्मा काढल्यावर २५ सेंटिमीटरवर आपोआप नेमका लागतो. चाळिशी उलटल्यावरही आपल्याला वाचनाचा चष्मा लागला नाही, तो याच कारणाने. मोतीबिंदूचा गाभा कठीण होत जातो तसा नंबर आणखी उणेकडे सरकतो. डावा डोळा साडेसहावर गेला तो बहुधा यामुळेच आणि म्हणून त्या डोळ्याला आता कागद १५ सेंटिमीटरवर न्यावा लागत असेल. ज्यांना आधी दूरचा नंबर नसतो, अशा वयस्कर माणसांचा वाचनाचा चष्मा याच प्रक्रियेत काही काळ सुटतो आणि ‘आजीची नजर परत आली’ म्हणून घरात कौतुक होते. ती खरे तर मोतीबिंदूची वर्दी असते.

आता लेन्सकडे येतो. मोनोफोकल लेन्सचा नेमका बिंदू एकच असतो, पण तो कोठे ठेवायचा हे ठरवता येते आणि ही गोष्ट तक्त्यावर कधीच छापलेली नसते. बहुतेक ठिकाणी न विचारता तो दूरवर, म्हणजे शून्य नंबरावर ठेवला जातो. तसे केले तर आपल्याला रस्ता चष्म्याशिवाय स्वच्छ दिसेल, पण हाताच्या अंतरावरचे सगळे पुसट होईल आणि प्रूफ वाचण्यासाठी, आयुष्यात प्रथमच, जवळचा चष्मा लावावा लागेल. त्याऐवजी तो बिंदू उणे अडीचवर ठेवला तर ४० सेंटिमीटरवरचा कागद उघड्या डोळ्यांनी दिसेल आणि गाडी चालवताना, आपण गेली चाळीसहून अधिक वर्षे लावत आहात तसाच, पण पातळ काचांचा चष्मा लावावा लागेल.

ट्रायफोकल लेन्सच्या पृष्ठभागावर एकात एक अशी अतिसूक्ष्म कडी कोरलेली असतात. ती आत येणारा प्रकाश दूर, मध्यम आणि जवळ अशा तीन अंतरांसाठी वाटून देतात आणि त्यातला थोडा प्रकाश कोणत्याच प्रतिमेच्या उपयोगी पडत नाही. तिन्ही प्रतिमा एकाच वेळी दृष्टिपटलावर पडतात व मेंदू हवी ती निवडायला शिकतो. त्याला काही आठवडे ते काही महिने लागतात. सायंताराताईंनी लिहिलेली वर्तुळे आणि उजेडाची भूक, दोन्ही या वाटणीतून येतात. दिवसा पांढऱ्या फळ्यावरची काळी अक्षरे वाचण्यात या वाटणीचा तोटा दिसून येत नाही. अंधारात, करड्या रस्त्यावर, दिवा नसलेली करडी ट्रॉली ओळखणे हे मात्र छटांमधील भेदाचे काम आहे आणि नेमका तोच भेद या लेन्समध्ये थोडा कमी होतो. ट्रायफोकल बसवलेली पुष्कळ माणसे रात्री गाडी चालवतात, हेही खरे आहे. परंतु आपण वर्णन केलेला रस्ता वाचल्यावर मी माझ्या वडिलांना ती सुचवली नसती.

जवळच्या अंतराबद्दलही एक बारकावा आहे. अल्कॉनची पॅनऑप्टिक्स ६० आणि ४० सेंटिमीटरवर लागते, झाइसची एटी लिसा ट्राय ८० आणि ४० वर. म्हणजे आपल्या सवयीचे २५ सेंटिमीटर यांपैकी कोणतीच देत नाही. शिंप्याची टेप घेऊन आपण प्रूफ वाचताना, संगणकावर काम करताना आणि जेवताना डोळ्यापासूनची अंतरे कोणाकडून तरी मोजून घ्यावीत. ते तीन आकडे घेऊन डॉक्टरांकडे गेलात तर चर्चेला वेगळेच वळण लागेल. तक्त्यावर कदाचित नसलेला आणखी एक प्रकार आहे, विस्तारित खोलीचा. ती लेन्स दूरपासून साधारण संगणकापर्यंतचे अंतर सांभाळते व रात्रीचा त्रास सहसा कमी देते, परंतु आठ पॉइंटातल्या तळटीपांसाठी तिला बहुधा चष्म्याची मदत लागते.

टोरिकचा विचार मात्र गांभीर्याने करावा. चष्म्यातला सिलिंडर नंबर काही अंशी पारपटलाच्या (कॉर्निया, डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा) असमान वक्रतेचा आणि काही अंशी मोतीबिंदू झालेल्या भिंगाचा असतो. भिंगाचा भाग शस्त्रक्रियेतच निघून जातो, पारपटलाचा मागे राहतो. म्हणून दीड हा चष्म्याचा आकडा पाहून टोरिक ठरवू नये. पारपटलाचे मोजमाप एकच्या आसपास किंवा अधिक आले, तर ती घेण्यात अर्थ आहे. आपण उघड्या डोळ्यांनी वाचणार असाल तर उरलेला सिलिंडर सांभाळायला समोर काच नसेल, आणि देवनागरीत त्याचा फटका काना स्वच्छ पण शिरोरेषा पुसट, किंवा उलट, असा बसतो. टोरिक लेन्स नेमक्या कोनात बसावी लागते. ती एका अंशाने फिरली तर सुमारे ३.३ टक्के परिणाम जातो आणि ३० अंशांनी फिरली तर सगळाच. आडवे झाल्यावर डोळा किंचित फिरत असल्यामुळे कोनाची खूण रुग्णाला बसवून करतात. त्यांची पद्धत काय आहे, हे अवश्य विचारावे.

मोजमापांबाबत शेवटचे. डोळ्याच्या लांबीत १ मिलिमीटरची चूक झाली तर चष्म्याचा नंबर अडीच-तीनने चुकतो. डोळे कोरडे असतील तर पारपटलाची वक्रता दरवेळी वेगळी येते, म्हणून आधी कोरडेपणावर उपचार आणि मग मोजमाप, असा क्रम हवा. पीतबिंदूचा (दृष्टिपटलाच्या मध्याचा) ओसीटी, म्हणजे प्रकाशाने घेतलेला स्कॅन, काढलेला असावा, कारण तेथे दोष असेल तर प्रकाश वाटणारी लेन्स सहसा टाळतात. उणे नंबरच्या लांब डोळ्यांत शस्त्रक्रियेनंतर दृष्टिपटल सुटण्याचा धोका इतरांपेक्षा अधिक असतो, तेव्हा दृष्टिपटलाच्या कडाही तपासून घ्याव्यात.

तीन_काटे (इचलकरंजी)

वरच्या प्रतिसादातला ‘न विचारता शून्यावर’ हा भाग वाचला आणि लिहिल्याशिवाय राहवेना. मी घड्याळे दुरुस्त करतो. माझा नंबर उणे पाच होता. चार वर्षांपूर्वी एका मोठ्या रुग्णालयात माझ्या दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली आणि शस्त्रक्रिया म्हणून ती उत्तम झाली. दुसऱ्या दिवशी पट्टी काढल्यावर मला समोरच्या इमारतीवरचा कावळा चष्म्याशिवाय दिसला व डॉक्टरांनी माझी पाठ थोपटली. आठवड्याने दुकान उघडले, मनगटी घड्याळाचे झाकण काढले आणि आत नुसता चकचकीत धूसरपणा दिसला. तीस वर्षे ज्या डोळ्यांनी मी बारीक स्क्रू भिंगाशिवाय उचलत होतो, ते डोळे गेले होते.

तुम्ही काय काम करता, हे मला तेथे कोणीही विचारले नाही. अर्जावर व्यवसायाचा रकाना होता आणि त्यात मी ‘दुकान’ असे लिहिले होते, ही माझी चूक. आज मी अधिक तीनचा चष्मा आणि त्यावर भिंग अशा सरंजामानिशी काम करतो. जमते, पण चष्मा लावून मान वर केली की दारात उभा असलेला गिऱ्हाईक ओळखू येत नाही. सर, आपले काम काय आहे ते डॉक्टरांना तोंडी सांगू नका, प्रूफाचा कागदच दाखवा.

जमाखर्च (पुणे)

वैद्यकीय बाजू वर नीट मांडली गेली आहे, मी फक्त पैशांचे लिहितो. आपला आरोग्य विमा असेल तर मोतीबिंदूची मर्यादा आधी तपासावी. उदाहरणार्थ, २०२० साली आलेल्या प्रमाणित आरोग्य संजीवनी पॉलिसीत एका डोळ्यासाठी विमा रकमेच्या २५ टक्के किंवा ४० हजार रुपये यांपैकी जी रक्कम कमी असेल ती मिळते आणि पहिले २४ महिने प्रतीक्षाकाळ असतो. तीन लाखांच्या पॉलिसीचे २५ टक्के ७५ हजार होतात, पण मर्यादा ४० हजारांचीच राहते. म्हणजे ट्रायफोकल टोरिकचे उरलेले किमान ९० हजार खिशातून, आणि तेही प्रत्येक डोळ्याला.

अंदाजपत्रकात लेन्सची किंमत, शस्त्रक्रियेचे शुल्क व औषधे वेगवेगळी लिहून मागावीत. लेन्सच्या खोक्यावर कमाल किरकोळ किंमत छापलेली असते; तो खोका आणि लेन्सची पॉवर व क्रमांक असलेले चिकटपत्र मागून घ्यावे, विम्यालाही लागते. ‘रोबोटिक’ किंवा ‘ब्लेडलेस’ या नावाखाली लेसरचे वेगळे शुल्क लावले असेल तर ते कशासाठी, असे विचारावे. लेसर व नेहमीचा फेको (ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडून काढण्याची पद्धत) यांची तुलना करणारी फ्रान्समधील मोठी चाचणी २०२० साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली आणि तीत लेसर सरस ठरला नाही. आणि देशी लेन्स म्हणजे दुय्यम, असे कोणी सुचवत असेल तर मदुराईची ऑरोलॅब १९९२ पासून लेन्स बनवते आणि त्या परदेशातही जातात, हे लक्षात असू द्यावे.

पानप्रूफ (सातारा)

सर्वांचे मनापासून आभार. तिरपी_रेघ यांना दोन प्रश्न आहेत. उणे अडीच ठेवायचे ठरवले, तर ते मला मानवेल की नाही, हे आधी पाहता येते का? आणि एक डोळा दूरसाठी व एक जवळसाठी ठेवतात असे ऐकले आहे, ते माझ्यासाठी कसे?

तिरपी_रेघ (नागपूर)

आपल्या बाबतीत आधी पाहणे सोपे आहे. उजव्या डोळ्याचा नंबर अजून उणे चारच्या जवळ असेल, तर तपासणीच्या चौकटीत त्यापुढे उणे दीडची काच घालायची. उरतो उणे अडीच. डावा डोळा झाकून घरचे प्रूफ अर्धा तास वाचावे. ४० सेंटिमीटर लांब वाटले तर उणे तीन, म्हणजे ३३ सेंटिमीटर, असे लक्ष्य ठेवता येते. मात्र दोन-तीन मिनिटांत निर्णय देऊ नये, हाताला जुन्या अंतराची सवय असते.

दोन डोळ्यांत फरक ठेवण्याची पद्धत जुनी आहे व अनेकांना मानवते, परंतु त्यात अंतराचा अंदाज थोडा कमी होतो आणि रात्री गाडीत तो फरक भरून काढणारा चष्मा लावावाच लागतो. चष्मा लावायचाच असेल, तर दोन्ही डोळे जवळ ठेवून दोन्ही डोळ्यांनी वाचावे, असे माझे मत आहे. दोन शस्त्रक्रियांमध्ये फार अंतरही ठेवू नये. दोन्ही डोळ्यांच्या काचांत मोठा फरक पडला की चष्म्यातून एकच वस्तू दोन आकारांची दिसते आणि डोके गरगरते.

सायंताराताईंसाठी नव्हे, पण ट्रायफोकलकडे वळणाऱ्या इतरांसाठी एक जोड देतो. काही महिन्यांनी लेन्समागचा पडदा धूसर झाला तर याग लेसरने त्यात खिडकी करतात आणि ते सोपे काम आहे. तक्रार लेन्सबद्दलच असेल, तर मात्र तो लेसर करण्यापूर्वी थांबावे, कारण मागचा पडदा उघडल्यावर लेन्स बदलणे अधिक अवघड व जोखमीचे होते.

पानप्रूफ (सातारा)

तीन आठवड्यांनी लिहितो आहे. आमच्या हिने टेप धरून अंतरे मोजली: प्रूफ २६, संगणक ६२, ताट ५० सेंटिमीटर. ती मोजताना माझा पोक किती वाढला आहे, याचाही साक्षात्कार झाला. डोळ्यांत कोरडेपणा निघाला. आधीची वक्रतेची दोन मोजमापे एकमेकांशी जुळत नव्हती. पंधरा दिवस थेंब घातल्यावर ती जुळली. पारपटलाचा सिलिंडर डाव्या डोळ्यात सव्वा आणि उजव्यात फक्त अर्धा आला, म्हणजे टोरिक डाव्याच डोळ्याला लागेल. ओसीटी दोन्ही डोळ्यांचा स्वच्छ आहे आणि दृष्टिपटलाच्या कडाही तपासून झाल्या आहेत.

चौकटीत काच घालून मी दवाखान्याच्या बाकावर बसून एका दिवाळी अंकाची आठ पाने वाचली. पहिल्या दोन पानांत हात सारखा कागद जवळ ओढत होता, तिसऱ्या पानापासून तो स्थिरावला आणि सहाव्या पानावर ‘आशिर्वाद’ सापडला, तेव्हा डॉक्टरांना म्हटले की हे चालेल. त्यांनी आढेवेढे न घेता मान्य केले. एवढेच म्हणाले की, शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या दिवशी दूरचे धूसर दिसेल आणि घरचे लोक विचारतील की ऑपरेशन बिघडले का, त्यांना आताच सांगून ठेवा. संगणकासाठी कदाचित वेगळ्या काचा लागतील, ते मला चालण्यासारखे आहे.

समुपदेशक बाईंच्या तक्त्यावर उणे अडीचसाठी रकानाच नव्हता. त्यांनी तो उलटा करून मागच्या कोऱ्या बाजूवर पेनाने लिहून दिले: डावा टोरिक, उजवा साधा, दोन्ही जवळ. एकूण ९५ हजार. डावा डोळा येत्या मंगळवारी आणि उजवा त्यानंतर तीन आठवड्यांनी ठरला आहे. नवा चष्मा मिळेपर्यंत गावाकडे एस.टी.ने जाईन.